चांदण्या

मला पाहायला आलेला मुलगा स्मृतिनगरचा होता. कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला, मार्केटमधल्या एका क्लासमध्ये शिकवणारा. भिलाईच्या कॅम्प-१ मधल्या आमच्या दोन खोल्यांत बसून त्याने आईच्या हातचे आलूबोंडे खाल्ले आणि मला विचारलं, "तुमाले काय काय येते?"

"टायपिंग. हिंदी आणि इंग्लिश, दोन्ही."

तो आपल्या आईकडे पाहून हसला. "टाइपरायटर तर आता भंगारात जाऊन राहिले."

बाबा स्टील प्लांटमधून पाळी करून आले होते. तरी तो निघताना त्याच्या स्कूटरपर्यंत गेले, हात जोडून उभे राहिले. त्याने गाडीवरून खाली उतरण्याचीही तसदी घेतली नाही. नकार दुसऱ्याच दिवशी आला. पण माझ्या डोळ्यांपुढून बाबांचे ते जोडलेले हात काही हलेनात.

मी त्याच्याच क्लासमध्ये नाव घातलं. आई म्हणाली, "दुसरा क्लास नाई का गावात?" मी फीचे पैसे मोजून घेतले.

पहिल्या दिवशी मला पाहून त्याचा चेहरा पडला. मग त्याने मला कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसवलं, जिथे आधीच दोन मुली होत्या. त्या माझ्याशी चांगल्या वागल्या. डीबेस, म्हणजे याद्या ठेवायचा प्रोग्राम, शिकवत होता तो. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, एक ठिपका, आणि त्यापुढे आपण हुकूम टाइप करायचा. मला ते आवडायला लागलं, हे मी घरीसुद्धा कोणाला कळू दिलं नाही. तो धड्यापुरतंच सांगायचा, म्हणून क्लासमधलं जाडजूड पुस्तक मी पानापानाने वाचून काढलं. त्याला काय येत नाही, तेच मला शिकायचं होतं.

दुर्गच्या एका औषधवाल्याची यादी कॉम्प्युटरवर चढवायचं काम मिळेल अशी क्लासच्या मालकाला आशा होती. त्याच्या दुकानातल्या औषधांची नावं आम्ही मुलींनीच सराव म्हणून भरली होती. औषधवाला पाहायला आला. तो, आमचा सर, खुर्चीवर, मालक मागे, आम्ही भिंतीशी. मुदत संपलेली औषधं कशी काढून टाकायची, हे तो औषधवाल्याला दाखवणार होता. घाईत 'फक्त मुदत संपलेली' ही अट लिहायचीच राहिली. त्याने 'डिलीट ऑल' टाइप केलं.

यादी काढली तर प्रत्येक नावापुढे चांदणी.

"ये सितारे क्या हैं?" औषधवाल्याने विचारलं.

"कुछ नहीं, अभी निकल जाएँगे," तो म्हणाला. त्याच्या कानाजवळून घाम ओघळत होता.

चांदणी म्हणजे नाव काढायची खूण. 'रिकॉल ऑल' म्हटलं की खूण पुसते, नाव राहतं. 'पॅक' म्हटलं की नावच जातं, कायमचं. मला हे माहीत होतं. शेजारच्या मुलीलाही मीच सांगितलेलं. ती कुजबुजली, "बता ना उनको." मी तिचं मनगट घट्ट धरलं.

त्याने 'पॅक' टाइप केलं.

चांदण्या गेल्या. औषधंही गेली. फ्लॉपीवर नक्कल नव्हती. मी मालकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "सर, पहले रिकॉल करना था."

जिन्यात त्याने मला गाठलं. "तुमाले माहीत होतं ना?"

"होतं."

"मग कावून नाई सांगितलं?"

"नकार आला तवा माह्या बाबानं तुमाले विचारलं का, कावून म्हणून?"

काम दुसऱ्याकडे गेलं. आठवड्याभरात मालकाने त्याला काढलं. पुढे मला भिलाई-३ ला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर नोकरी लागली. लोकांना वाटतं, इतक्या वर्षांनी मला वाईट वाटत असेल. मला आजही तो घाम आठवला की बरं वाटतं.

त्याला काढल्याचं कळलं त्या संध्याकाळी मी जेवताना हसत होते. आईने कारण विचारलं, मी सगळं सांगितलं. ती हसली नाही. आतल्या खोलीत झोपलेल्या बाबांकडे एकदा पाहिलं, आणि मी नको म्हणत असताना माझ्या ताटात अजून एक गरम पोळी वाढली.