गोजरबाईंना न आलेल्या अक्षता

सेनगावजवळच्या आमच्या गावात गोजरबाई अंगणवाडी चालवतात. मी रंगमंचावर पुष्कळ राण्या रंगवल्या, पण असा करारी आवाज ऐकला नाही. त्यांनी एकदा सरकारी माणसं बोलावून बालविवाह थांबवला. तेव्हापासून गाव त्यांच्या घरी आमंत्रणाच्या अक्षता देतच नाही. लग्न कळलंच नाही, तर त्या थांबवणार कसं?

काल पंधरा वर्षांची राजनंदिनी लोहाच्या गोळ्या घ्यायला आली नाही, म्हणून बाई तिच्या घरी गेल्या. पोरगी हिरवा चुडा भरून जीपमध्ये बसली होती.

“अक्षता काहून न्हाई दिल्या?” बाईंनी विचारलं.

“तुमी जेवायला थोड्याच येता!” आई हसली. “लगीन झालं परवा. आता सासरी धाडून राहिलो.”

राजनंदिनीनं बाईंचा पदर घट्ट धरला. आईनं तिची बोटं सोडवली. बाई फोन लावत राहिल्या आणि जीप निघून गेली.