डम्प आला की रजा

आमच्या ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. चहाच्या टपरीवर एकाने तोंड उघडलं की दुसरा म्हणतो, "अन् तो फुटपट्टीचा सांग ना!" आणि माझा चहा गार होतो.

देऊळगाव राजाला एका बियाणे कंपनीत मी सिस्टीम सांभाळतो. सगळी गोदामं एका म्हाताऱ्या युनिक्स सर्व्हरवर चालतात. तो आठवड्यातून एकदा तरी बंद पडायचाच. पडताना त्याच्या मेमरीत जे असेल ते राखीव डिस्कवर उतरतं, त्याला क्रॅश डम्प म्हणतात. सर्व्हर दुरुस्त करणारा पुण्याचा इंजिनिअर म्हणाला, "डम्प पाठवा, तरच आजार सांगतो."

आमचे घाटाखालचे, वऱ्हाडी बोलणारे देशमुख साहेब म्हणाले, "डम्प गेल्याबिगर तुले रजा नाही!"

आणि इकडे जालन्याला माझा साखरपुडा ठरलेला!

*

राखीव डिस्कच नव्हती. साहेबांकडे मागायला गेलो.

"पडल्यावर लिहायले डिस्क? अबे, पडूच नये असं काही लाव ना!"

शेवटी मिळाली, पण मेमरीपेक्षा लहान. डम्प अर्ध्यात तुटला. पुण्याहून निरोप आला, "अपुरा आहे." साहेब भडकले, "अर्ध्यावरून समजत नाही, तं कायचा इंजिनिअर बे तो?"

*

मोठी डिस्क आली. सर्व्हर पडला, डम्प उतरायला लागला आणि ऑपरेटर गजाननभाऊंनी खटकन स्विच बंद करून चालू केला. डम्प गेला! त्यांच्या गावी, सोनाळ्याला, विहिरीवरची मोटार अशीच सुरू होते म्हणे. मी स्विचवर चिठ्ठी चिकटवली, 'हात लावू नये'. पुढच्या वेळी पुन्हा तेच!

"भाऊ, चिठ्ठी वाचली नाही का?"

"वाचली ना! हात कुठी लावला? फुटपट्टीनं दाबलं!"

*

एकदाचा अख्खा डम्प उतरला. मी जेवून येतो तर फाईल गायब! गजाननभाऊ खुशीत होते. "डिस्क भरून राह्यली होती. सगळ्यात मोठी फाईल उडवली. कोणी उघडतच नव्हतं तिले!"

खरं सांगतो, रडायचंच बाकी होतं.

*

साखरपुडा तोंडावर आला. म्हटलं, सर्व्हर एकदा मुद्दाम पाडून डम्प नीट उतरतो का ते तपासू, म्हणजे खरोखर पडेल तेव्हा घोळ नको. साहेबांनी पंचांग काढलं. "मुहूर्तावर पाडू!"

गजाननभाऊंनी सर्व्हरला हळदकुंकू लावलं, पायरीवर नारळ फोडला. मी कमांड दिली आणि गडी आडवा! स्क्रीनवर टक्के चढू लागले. शंभर होताच टाळ्या पडल्या. साहेबांनी पेढे वाटले, आणि मी "साहेब, ही नुसती चाचणी" म्हणेपर्यंत डम्प पुण्याला पाठवूनही दिला!

दुसऱ्या दिवशी फोन आला. साहेबांनी ऐटीत स्पीकर लावला.

"डम्प एकदम परफेक्ट आहे. कारणही सापडलं. सर्व्हर तुमच्याच माणसाने पाडलाय. आता आपोआप पडेल तेव्हाचा पाठवा."

पण नारळ फोडल्यापासून सर्व्हर आपोआप एकदाही पडलेला नाही!

"मग रजा, साहेब?"

"डम्प कुठी आला अजून?"

साखरपुडा पुढे ढकलला. आई रोज गावच्या बालाजीच्या देवळात जाते. काल मी सोबत होतो. डोळे मिटून, हात जोडून ती पुटपुटत होती, "देवा, माझ्या पोराचा सर्व्हर एकदा पाड रे बाबा!"