दाजी आणि फुकटचं पान

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी औशाच्या बसस्थानकावर लातूरच्या गाडीची वाट पाहत उभा होतो, आणि फोन दाजींचाच होता. म्हणजे नंबर त्यांचा, आणि पडद्यावर त्यांनी स्वतःच्या फोटोऐवजी लावलेला देवणीचा काळा-पांढरा बैलही त्यांचाच. आदल्या आठवड्यात अंथरुणावर पडल्या पडल्या ते आमच्याबरोबर एक डाव खेळले होते. मला वाटलं, त्यावरून राहिलेली बोलणी आज खायची आहेत. म्हणून मीच आधी म्हणालो, "दाजी, कबूल. पुन्हा थांबलो मी. काय बोलायचं ते बोला." पलीकडे अक्का होती. ती एवढंच म्हणाली, "ये रे विलास."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. मूळचे देवणीचे. बिलोलीच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले आणि नांदेडला घर बांधून राहिले. मी लातूरला एका कॉलेजच्या ऑफिसात. त्यांच्या लग्नात बूट मी लपवले होते. घसघशीत काहीतरी मिळाल्याशिवाय द्यायचे नाहीत म्हणून मी मांडवामागं इतका थांबलो, की नवरदेव चुलतभावाच्या चपला घालून वरातीला निघूनही गेले. बूट माझ्याच हातात राहिले. पुढं आयुष्यभर ही गोष्ट त्यांनी प्रत्येक पाहुण्याला सांगितली आणि दर वेळी शेवटी माझ्याकडं बोट केलं, "हे बघा, हेच ते थांबलेले गृहस्थ."

पोकर आमच्या घरात आणला तो त्यांच्या मुलीनं, स्वातीनं. ती लग्न होऊन पुण्याला गेली तेव्हा दाजींना संध्याकाळ खायला उठायची. मग तिनं सगळ्यांच्या फोनवर ते ॲप टाकून दिलं. खोट्या चिप्सचा खेळ, पैशाचा संबंध नाही. टेबलावर चौघं: दाजी, स्वाती, तिचा नवरा नीलेश आणि मी. एक फोन पत्त्यांना, दुसरा बोलायला. पाच वाजले की नांदेड, लातूर, पुणे एकमेकांवर ओरडायला मोकळे.

आम्ही सगळे तीन पत्तीवर वाढलेली माणसं. दिवाळीत सतरंजीवर बसायचं, भारी पत्ते आले की चेहरा मख्ख ठेवायचा, हळूहळू चाल द्यायची आणि समोरच्याला आत येऊ द्यायचं. तिथं ते चालतं, कारण तीन पानं वाटली की वाटली. तुमचे तीन एक्के उद्या सकाळपर्यंत तीन एक्केच राहतात. पोकरमध्ये दोन पानं हातात मिळतात आणि पाच मधे उघडायची असतात, आधी तीन, मग एकेक. माझ्या हातात दोन राण्या आल्या आणि मधे तिसरी उघडली, तेव्हा मी सतरंजीवरच्यासारखा मख्ख बसलो. मधे दोन बदामही होते, पण राण्यांपुढं त्यांच्याकडं बघतो कोण. मी काही लावलं नाही. दाजींनीही नाही. चौथं पान आलं, पुन्हा मी गप्प. पाचवं पान बदामाचं आलं. मग मी सगळ्या चिप्स पुढं ढकलल्या, आणि दाजींनी हातातले दोन बदाम उघडून माझ्या राण्या नेल्या. पोकरमध्ये एकाच रंगाची पाच पानं तीन राण्यांवर भारी.

"नशीब तुमचं," मी म्हणालो.

"नशीब कशाचं? विलासराव, तुम्ही करून काय राहिले? मला एका बदामाची गरज होती. तुम्ही दोनदा फुकट पान दाखवलं. आधीच जोरात लावलं असतं तर मी पळालो असतो."

"पण मग मला मिळालं काय असतं? चिल्लर."

"चिल्लर तर चिल्लर. घरी तर आलं असतं. हातात जोर हाय तवाच बोलायचं. समोरच्याचं पान यायची वाट बघायची न्हाई."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की बैलाचा फोटो दिसला तरी ऐकू यायचं.

मग दाजींच्या पोटात गाठ निघाली. लहान होती. डॉक्टर म्हणाले, लवकर सापडली आहे, तब्येत चांगली आहे, आत्ताच काढून टाकू. दाजींनी मला फोन करून 'रिपोर्ट चांगला आला' असं सांगितलं. तो अधिक महिना होता, नीलेशचा पहिला धोंड्याचा. जावयाला बोलवायचं, अनारसे करायचे, चांदीच्या ताटलीत वाण द्यायचं. "धोंड्याचं जेवण होऊ द्या, मग बघू," दाजी म्हणाले. स्वाती जेवायला आली ती भांडायलाच. अनारशाच्या ताटावर ती म्हणाली, "पप्पा, तुम्हीच सांगता ना, हातात जोर असतानाच बोलायचं? हे काय चाललंय मग?" नीलेश बिचारा अनारसा तोंडात धरून बसलेला.

"ते पत्त्याचं झालं गं," दाजी म्हणाले. "जरा थांबू. काय बिघडतंय?"

मग श्रावण लागला. मग गणपती, मग महालक्ष्म्या, आणि अक्काच्या घरच्या महालक्ष्म्या उभ्या करायला दाजींशिवाय कुणाचा हात चालत नसे. मग दिवाळी आली. सगळी कामं खरी होती, एकही खोटं नव्हतं. दाजी रोज पाचला टेबलावर असायचे, मला दोन बदामांवरून शिकवायचे, आणि एक चांगला रिपोर्ट कपाटात ठेवून निश्चिंत होते. गणिताचा मास्तर, पण स्वतःच्या वेळी सतरंजीवर जाऊन बसला. वाटलेलं पान तसंच राहणार, असं समजून. दिवाळीनंतर डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली आणि आता कापण्यात अर्थ नाही म्हणाले.

लवकर कापलं असतं तर वाचले असते का? स्वाती हे अजून विचारते. मला सांगता येत नाही. जोरात लावूनही समोरच्याला हवं ते पान येतं कधी कधी, हेही दाजींनीच शिकवलं. पण तेव्हा माणूस निदान आपला डाव हरतो... आता या विषयावर बोलायचाही कंटाळा आलाय सगळ्यांना. चूल, चहा, भेटायला येणारे लोक, तेच तेच सांगणं.

तेरावा झाला, पाहुणे पांगले, आणि आम्ही पुन्हा टेबलावर बसायला लागलो. दाजींची खुर्ची कुणी काढली नाही. बैल तसाच. पाळी आली की त्याच्याभोवती हिरवं कडं लागतं, ते हळूहळू रिकामं होतं, आणि वेळ संपली की ॲपच पत्ते टाकून देतं. रोज आम्ही ते कडं संपेपर्यंत थांबायचो.

गेल्या रविवारी बैलानं पत्ते टाकले नाहीत. बोलायच्या फोनवर अक्काचा आवाज आला, "विलास, ह्यांचा फोन उघडलाय मी. हे कसं खेळत्यात? दोन राजे दिसायलेत."

"आई, पत्ते सांगायचे नसतात," स्वाती म्हणाली.

"लपवून काय करू? मधे पण एक राजा आलाय."

मधे तीन पानं उघडी होती. अक्काचा राजा, आणि दोन बदाम. माझ्या हातातही दोन बदाम होते, म्हणजे आता मला एका बदामाची गरज होती. मी चिप्स न लावता पाळी पुढं ढकललेली होती. आता पाळी बैलाची. कडं संपत चाललं होतं.

"चांगले पत्ते हायेत का रे?" अक्कानं विचारलं. "का जरा थांबू?"

"थांबू नको," आम्ही तिघंही एकदम म्हणालो.

तिनं सगळ्याच चिप्स लावल्या. मी माझे दोन बदाम टाकून दिले.