मामाचं रक्त

राजपुऱ्यात सुपडूसारखा बढाईखोर दुसरा नव्हता. पॉवरलूमवर धागा तुटला तर दोष मशीनचा, चहा सांडला तर दोष कपाचा. लग्न जमलं नाही, तर म्हणे, "मुली घाबरतात आपल्याले." गल्ली पोट धरून हसायची. एकाच बढाईला कोणी हसत नसे: "भाच्याच्या अंगात अर्धं रक्त माझं आहे."

त्यात तथ्य होतं. त्याची थोरली बहीण मनकर्णा, तिचा गोटू थॅलेसीमियाचा. पोराच्या अंगात रक्त टिकत नसे, दर महिन्याला दवाखान्यात बाटली चढवावी लागे. परक्याच्या रक्ताची मनकर्णाला धास्ती. कोणाचं, कसलं, देव जाणे! म्हणून रक्त नात्यातलंच, आणि त्यातही सुपडू सर्वात पुढे, बाही वर करून. नव्वदच्या आसपासची गोष्ट. त्या छोट्या दवाखान्यात गट जुळला आणि तोंडी दोन प्रश्न विचारले की झालं.

"कधी कावीळ झाली होती?" कंपाउंडर विचारी.

"बिलकुल नाही."

ही मात्र बढाई नव्हती, लबाडीही नव्हती. विशीत त्याचे डोळे हळदीसारखे झाले, तेव्हा कावीळ उतरवणाऱ्या धूलकोटच्या धुरपदाबाईने त्याच्या डोक्यावर झाडाच्या मुळ्यांची माळ ठेवली होती. माळ आपोआप लांबत खाली सरकते. पायांतून निघाली की कावीळ उतरली. उतरली ती संपली. संपलेली कशाला सांगायची? साऱ्या गल्लीची हीच समजूत.

गोटूचे डोळे पिवळट असायचेच, त्यामुळे आणखी पिवळे झाले ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. पोट फुगलं तेव्हा त्याला इंदूरला नेलं. रक्तावाटे काविळीचा विषाणू गेला होता, लिव्हर खराब होत चाललं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त देणाऱ्या साऱ्यांना तपासलं. सुपडूला एकट्याला आत बोलावलं.

"कावीळ गेली तरी काहींच्या रक्तात विषाणू राहतो. तुम्ही धडधाकट दिसाल, पण यापुढे रक्त कोणालाच द्यायचं नाही."

सुपडूने वर केलेली बाही खाली ओढली. घरी त्याने काही सांगितलं नाही. मग गोटू पुन्हा पांढरा पडला आणि मनकर्णा दारात आली.

"चाल सुपडू. बाकी कोणाचं मले नको. त्यांच्यातल्याच कोणीतरी माझ्या लेकराले हे दिलं."

समोरच्या ओट्यावरून शेजारी दगा ओरडला, "चाल ना रे, नवरदेवासारखा काय लाजतो?"

"अक्का," सुपडू म्हणाला, "ते मी दिलं."

"मस्करी नको करू."

ती थांबली, तो आता हसेल म्हणून. तो हसला नाही. माळेपासून डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळं त्याने सांगितलं. दगा ओट्यावरून उठून आत गेला.

मनकर्णाने शिव्या दिल्या नाहीत, की छाती पिटली नाही. फक्त विचारलं, "मग आता द्यायचं कोणी?"

सुपडू चपला न घालताच निघाला. आता कोणाचंही रक्त तपासूनच चढवायचं होतं, पण आधी देणारा तर हवा. एकेका कारखान्यात शिरून तो माणसांना रक्त मागू लागला.

"तू मामा ना? तूच दे की!" कारागीर मागांच्या खडखडाटात ओरडत.

"माझं रक्त खराब आहे!" त्याहून मोठ्याने तो ओरडे.

"काय? ऐकू नाही आलं!"

मग कोणीतरी माग बंद करी. बाकीचेही माना वळवत. आणि त्या शांततेत सुपडूला ते पुन्हा सांगावं लागे.