सीतादहीच्या आधी

माझ्या मुलीने लग्नाचे फोटो काढायला सुरुवात केली तेव्हा खामगावात हे काम करणारी दुसरी मुलगी माझ्या तरी माहितीत नव्हती. बुलढाण्याला पदवी झाल्यावर तिने दीड वर्ष एका स्टुडिओत दुसऱ्यांचे फोटो दुरुस्त केले. मग एक दिवस जेवताना सांगितले, आता स्वतःच्या ऑर्डरी घ्यायच्या.

मी तेव्हा घरीच होतो. कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर मी बावीस हंगाम काढले. आदल्या वर्षी गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला, गाड्या निम्म्याच आल्या, आणि मालकाने काट्यावर दोघांऐवजी एकच माणूस ठेवला. तो मी नव्हतो.

“बाबा, कॅमेरा मी पाहते. वेळ, जागा, कोण कधी कुठं पाहिजे, ते तुम्ही पाहा,” ती म्हणाली. “तुम्हाले याद्या करायची सवयच आहे.”

“जेवायच्या आधी ताटं मोजतात हे,” बायको म्हणाली.

अशा रीतीने पन्नाशीच्या तोंडावर मी फोटोंचे नियोजन करणारा झालो. या कामाची मला काहीच माहिती नव्हती, म्हणून आधी माहिती काढली. साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, किती विधी, प्रत्येकाला किती वेळ, नवरीला तयार व्हायला किती वेळ लागतो. बायकोने दीड तास सांगितला, मी दोन धरला, प्रत्यक्षात अडीच लागला.

पहिली पूर्ण ऑर्डर चौदा किलोमीटरवरच्या एका गावातून आली. नवरीचे वडील नऊ एकरांचे कास्तकार. नवरा मुलगा पुण्याला कंपनीत. बोलणे असे झाले होते की साक्षगंध आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जोडीचे फोटो आम्ही काढायचे. ते पसंत पडले तर नवरीचे आणि लग्नाचे फोटोही आमच्याकडे, नाहीतर लग्न अकोल्याच्या स्टुडिओला. मुलाच्या मोठ्या भावाचे लग्न त्यांनीच काढले होते. माझ्या मुलीसाठी हे एक लग्न म्हणजे पुढची दहा लग्ने होती. गावात एकदा चांगले झाले की पाहुण्यांतून काम फिरते, आणि एकदा बिघडले की तेही तसेच फिरते.

जोडीचे फोटो पांढऱ्या पऱ्हाटीत, म्हणजे फुटलेल्या कपाशीत, काढायचे ही माझ्या मुलीची कल्पना. पुण्याच्या जोड्या किल्ल्यावर नाहीतर धरणावर जातात. आपल्याकडे दसऱ्यानंतर आठ-दहा दिवस वावरच्या वावर पांढरे असते, ते कोणी वापरत नाही, असे तिचे म्हणणे. मला पटले. मी तीन दिवस सकाळी त्या वावरात जाऊन उभा राहिलो. ऊन पऱ्हाटीच्या शेंड्यांवर पावणेसातला येई आणि पावणेआठनंतर डोळ्यांवर येई. म्हणजे हातात एक तास. पूर्वेच्या धुऱ्याजवळच्या, म्हणजे बांधाजवळच्या, ओळीत झाडाला अकरा ते चौदा बोंडे फुटली होती, इतर ओळींत सात-आठच. नवरीच्या वडिलांना विचारले, वेचणी कधी? ते म्हणाले, सोमवारी बाया सांगितल्या आहेत. साक्षगंध शनिवारी होते. म्हणजे रविवारची सकाळ ही वावर सगळ्यात पांढरे असण्याची शेवटची सकाळ. हिशेब इतका जमला होता की मला त्याचा थोडा अभिमानही वाटला. मी वडिलांना विचारले होते. आईला विचारायचे मला सुचले नाही.

शनिवारचे साक्षगंध ठरल्याप्रमाणे पार पडले. रविवारी पावणेसातला आम्ही वावरात होतो: नवरा-नवरी, मुलाची बहीण, माझी मुलगी आणि मी. माझ्या कागदावर बारा जागा लिहिल्या होत्या, प्रत्येकीला पाच मिनिटे. आठ जागा झाल्या. नववीला दोघांनी फुटलेली बोंडे तोडायची, कापूस ओंजळीत घ्यायचा आणि एकदम वर उडवायचा, असे लिहिले होते.

नवरी थांबली. म्हणाली, “काका, बोंडं तोडायची का? आई काही म्हणेल.”

मी घड्याळ पाहिले. आम्ही सात मिनिटे मागे होतो. मी म्हणालो, “उद्या वेचायचाच आहे ना बाई. तोड.”

त्यांनी तोडली. कापूस उडाला. ऊन मागून होते, फोटो खरोखर चांगला आला. दुसऱ्यांदा उडवत असताना धुऱ्यावरून नवरीची आई आली. एका हातात चहाची किटली, दुसऱ्यात कपांची पिशवी. तिने किटली खाली ठेवली.

“काय करून राह्यले हे?”

“फोटो, काकू,” माझी मुलगी म्हणाली.

“फोटो दिसून राह्यला मले. बोंडं कोणं तोडली?”

नवरीने माझ्याकडे पाहिले नाही, हे मी आजही तिच्या चांगुलपणात धरतो. मी पुढे होऊन म्हणालो, “मी सांगितलं त्यांना.”

“तुम्ही? भाऊ, तुम्ही जिनिंगवाले ना? जलमभर कापूस मोजला, अन सीतादही माहीत नाही तुम्हाले?”

मला माहीत होते. आमच्याकडे पहिल्या वेचणीच्या दिवशी घरची बाई दहीभात घेऊन वावरात जाते, एका पऱ्हाटीची पूजा करते, दहीभात शिंपडते, आणि पहिले बोंड तिच्या हातचे असते. त्याआधी बोंडाला कोणी हात लावत नाही. माझी सासू करायची. मी स्वतः तिच्यामागे पाण्याचा तांब्या धरून गेलो आहे. पण बावीस वर्षे कापूस माझ्यापुढे आला तो काट्यावर आला. त्याआधी त्याचे काही असते, हे मी विसरून गेलो होतो.

“माहीत आहे,” मी म्हणालो. “ध्यानात राहिलं नाही.”

“गेल्या साली अळीनं खाल्लं. औंदा मी बोलली होती, सीतादही सोडणार नाही म्हणून.”

वातावरण हलके करावे म्हणून नवरा मुलगा हसत म्हणाला, “आई, बीटी आहे हे. बियाण्याच्या पुडक्यावर सीतादहीचं कुठं लिहिलेलं असते?”

“पुडक्यावर तं अळी येत नाही असं बी लिहिलं होतं, जावईबापू.”

ती खाली बसून जमिनीवरचा कापूस गोळा करू लागली. मीही बसलो. सतरा बोंडांचा कापूस होता. तिने तो पदरात घेतला, मातीचे कण झटकले आणि लेकीला म्हणाली, “घरी जाय, दहीभात घेऊन ये. आता उद्याची वाट कोणासाठी पाहू?”

नवरी शालू वर धरून घराकडे गेली. ती परत येईपर्यंत आठ वाजून दहा मिनिटे झाली. माझ्या कागदावरच्या शेवटच्या तीन जागा राहिल्याच. सीतादही सुरू झाले तेव्हा माझ्या मुलीने कॅमेरा खांद्यावरून काढून खाली धरला होता. तिने विचारले, “काकू, काढू का?”

“मले नको काढू. पऱ्हाटीले काढ.”

तिने पऱ्हाटीचे अकरा फोटो काढले. त्यातल्या नवांमध्ये त्या बाईचा हात आला आहे.

निघताना मी लग्नाचे विचारले. विचारायला नको होते. “मंग पाहू,” ती म्हणाली.

मुलगी गाडीवर मागे बसली. घराजवळ आल्यावर एवढेच म्हणाली, “नवरी थांबून विचारत होती, बाबा.”

त्यानंतरचा दीड महिना मी त्या वावराच्या फेऱ्या मारल्या. नवरीच्या वडिलांना वाटे मी लग्नाच्या ऑर्डरीसाठी येतो. ते अर्धे खरे होते. पहिली वेचणी बरी झाली. मग आम्ही दोघे वावरात तिरपे चालत वीस झाडांची वीस हिरवी बोंडे तोडायचो आणि माझ्या चाकूने चिरायचो. पहिल्या आठवड्यात एकात अळी निघाली. पुढच्या आठवड्यात तीन बोंडांत. त्यानंतर आठांत. वडिलांनी बोंडाच्या फाकी बुटाने मातीत दाबल्या आणि म्हणाले, “झालं.” अळी पऱ्हाटीला कशी येते हे मला कृषी सहायकाइतके नाही तरी बरेच कळते. सतरा बोंडे तोडल्याने ती येत नाही. पण त्या बाईपुढे हे बोलायची माझी हिंमत नव्हती, आणि बोलायचा अधिकार तर त्याहून नव्हता.

त्याच सुमारास लग्नाच्या तारखेला चिखलीहून दुसरे काम आले. मी मुलीला म्हणालो, घेऊन टाक, त्या घराचा आता भरवसा नाही. ती म्हणाली, “काकूनं नाही म्हटलेलं नाही. मी त्यांना विचारल्याशिवाय दुसऱ्याले शब्द देणार नाही.” मला ते अव्यवहारी वाटले. मी तसे बोललोही.

तिने फोन केला. दोन दिवसांनी बुधवारी नवरीची आई बाजाराला खामगावात आली आणि आमच्या घरी आली. बायकोने चहा ठेवला. मी काय बोलावे म्हणून आधी वाक्ये जुळवली होती. त्यातले एकच बाहेर आले. “अळी आली तुमच्या वावरात, आमच्यामुळं असं तुम्हाले वाटत असेल तं…”

“भाऊ, अळी साऱ्या शिवारात आली,” ती म्हणाली. “साऱ्या शिवारात काय तुम्ही फोटो काढले?”

बायको हसली. तीही हसली, पण थोडी. मग तिने माझ्याकडे बोट केले. “पण तोडलं ते चुकलंच. ते मी सोडणार नाही. हे लग्नात बी बोलेन, साऱ्यांसमोर.”

“बोला,” मी म्हणालो.

लग्न लहान करायचे ठरले होते. हळद आणि लग्न एकाच दिवशी, दारातच, वेगळा हॉल नाही. अकोल्याची माणसे तिला नको होती, कारण नवरी सजते त्या खोलीत पुरुष येतात. “तुही पोरगी आत येते. अन विचारून येते,” ती माझ्या बायकोला म्हणाली. माझ्या मुलीने तिला पऱ्हाटीचे फोटो दाखवले. हाताचा फोटो पाहून ती म्हणाली, “हा माह्या हात आहे? काळा दिसून राह्यला.” मग तो मोठा करून मागितला.

लग्नाच्या नियोजनासाठी मी नवा कागद घेतला. वेळांचा रकाना आखून तो तसाच कोरा तिच्यापुढे ठेवला. तिने चष्मा लावला, विचार केला आणि सांगत गेली. मी लिहीत गेलो. देवदेवकाच्या पूजेला तिने पन्नास मिनिटे दिली. मी असतो तर वीस दिली असती.

लग्नात ती बोलली, साऱ्यांसमोर. देवदेवकाला त्रेपन्न मिनिटे लागली.