नलूकाकूची सीट

सरकीसकट कापूस सीटवर बांधायचा नसतो, हे कापसाच्या मुलखात जन्मलेल्या माणसाला कुणी सांगावं लागू नये. मला सांगावं लागलं, आणि तेही एका गाईनं.

आमची नालवाडीतली शेजारीण नलूकाकू साड्यांना फॉल-पिको करते. साड्या गोळा करायला आणि पोचवायला पार पवनारपर्यंत सायकलवर जाते. पन्नाशी कधीच ओलांडली आहे. मधे अंगणात घसरून पडली, तेव्हापासून सायकलवर बसलं की माकडहाड ठणकायचं. नागपूरहून तिच्या मुलीचा, सुरभीचा, फोनवर एकच धोशा, "आई, विकून टाक ती सायकल." दिवाळीपर्यंत दुखणं थांबलं नाही तर विकून टाकीन, असं काकूनं एकदा वैतागून कबूलही केलं होतं. सायकल गेली की पवनार गेलं. मग ओट्यावर बसून गिऱ्हाइकाची वाट पाहायची. आणि काकू वाट पाहणाऱ्यातली नाही. नवरा शिकवेना तेव्हा पदर खोचून, पोरांच्या क्रिकेटमधून वाट काढत, मैदानावर एकटीनं सायकल शिकलेली बाई आहे ती.

त्याच सायकलच्या कॅरिअरवर बसून मी प्राथमिक शाळा केली. आई-बाबा दोघंही नोकरीवर. मला सोडणं-आणणं काकूकडे. तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून मला जास्तच वाटायचं, काहीतरी करावं. तर सेलूच्या मामाकडून आणलेला कापूस मी जुन्या चादरीच्या तुकड्यात कोंबला, वेडीवाकडी गादी शिवली आणि तिच्या सीटवर बांधून दिली.

दुपारी काकू सायकल ढकलत परत आली.

"ऋतिक्या, काय भरलं होतं रे त्याच्यात?"

"कापूस."

"आन् सरकी?"

ती आधी काढायची असते, हे मला तेव्हा कुठं सुचलं.

"गाय जेवून राह्यली होती माह्या सीटवर! हाकलली तं गादी तोंडात धरूनच पळाली. सायकल आपटली, सीटचे दोन तुकडे झाले. लोकं चारा टाकते गाईले, तू सीट टाकली!" एवढं बोलून ती पदर तोंडाला लावून जी हसत सुटली, ती खाली बसेपर्यंत.

नवी सीट घेणं आलं. मी मोबाइलवर शोधलं. कडक पायरीवर पुठ्ठा ठेवून त्यावर बसायचं. बुडाच्या दोन हाडांचे खड्डे उमटतात. ती दोन्ही हाडं सीटवर नीट टेकली पाहिजेत.

"हे कोनं सांगतलं तुले?"

"मोबाइलनं."

"त्याले बूड आहे काय?"

तरी तिनं साडीच्या खोक्याचा पुठ्ठा काढला, मला भिंतीकडे तोंड करायला लावलं आणि बसली. उमटले खरेच. तिनं त्यांच्याभोवती खडूनं गोल काढले.

दुसऱ्या दिवशी काकूनं सायकल ढकलत वर्ध्याला नेली, मी गाडी घेऊन सोबत. अश्वजितच्या सायकलच्या दुकानात तिनं पिशवीतून तो पुठ्ठा असा काढला, जशी फॉलचा रंग जुळवायला साडी काढते. अश्वजितनं गुबगुबीत जेलची सीट पुढे केली.

"घ्या काकू, सोफाच आहे."

काकूनं अंगठा दाबला. तो पार तळाला टेकला. "सोफ्यावर पाहुने बसते, बाबू. मले चालवाची आहे." पुठ्ठा ठेवला तर दोन्ही गोल कडेबाहेर. मी हौसेनं एक काळी, निमुळती, रेसची सीट दाखवली. "हे सीट आहे का उलथनं?" म्हणाली. तिला तर पुठ्ठाही लावला नाही.

असं करत दुकान संपलं. काकू पुठ्ठ्याची घडी घालू लागली. मग तिची नजर कोपऱ्यातल्या जुन्या सायकलीवर गेली. रुंद सीट, खाली दोन जाड स्प्रिंगा. पुठ्ठा ठेवला, दोन्ही गोल आत, वर बोटभर जागा शिल्लक.

"ते नाई विकाची, काकू," अश्वजित म्हणाला, "बाबाची आहे." गुडघ्यांमुळे वडिलांची सायकल सुटली होती. पण काकूचं तोंड पाहून त्यानं घरी फोन लावला. पलीकडचा आवाज आम्हालाही ऐकू आला, "अरे, सीट काय फक्त पाह्याले असते? बसू दे बाईले."

सीट बसली. काकू चौकापर्यंत जाऊन आली आणि सीटचं टोक जरा खाली करून घेतलं. मग थेट पवनारचा रस्ता. मी गाडीवर मागेमागे, जीव मुठीत धरून. ती एकदाही थांबली नाही. धाम नदीच्या पुलाजवळ उतरली तेव्हा विचारलं, "दुखलं?"

"दुखलं ना. पाय दुखले. न थांबता चालवाची सवयच गेली होती." आणि तिथूनच सुरभीला फोन लावला, "मी सायकल इकत नाई वं. तू दिवाळीले ये, डबलसीट नेतो तुले."

अश्वजितनं सीटचे पैसे काही घेतले नाहीत. "आईच्या साडीले फॉल लावून द्या," एवढंच म्हणाला. ती साडी त्याच्या घरून मी आणायची आहे. काकूनं जुळता फॉल मिळावा म्हणून रंगसुद्धा विचारून ठेवला आहे. दुकानावरून रोज जातो, पण त्याच्या घरी जायचं राहूनच जातं. अश्वजित हात करतो, मीही करतो. संध्याकाळी काकू ओट्यावरून ओरडते, "आनली का रे साडी?"

"उद्या नक्की," मी म्हणतो.