कम्प्युटरला बाहेरून कडी

आमच्या तेर गावातल्या घरात चार खोल्या आहेत आणि त्या चारीत मी कुठंही हिंडू शकते. कम्प्युटरात मात्र मला एकाच खोलीची परवानगी आहे.

ही शिक्षा मला पोटच्या पोरानं दिली, आणि खरं सांगायचं तर ती जरा कमीच पडली.

त्याचं असं झालं. आमचे हे गेल्यावर घर लई मोठं वाटायला लागलं. सतीश एकुलता, तोही हैदराबादला नोकरीला. त्यानं स्वतःचा जुना लॅपटॉप मला आणून दिला, आतलं सगळं मराठीत करून दिलं आणि म्हणाला, "आई, ह्याच्यात अण्णांचे फोटो हायत. बघत बसत जा." मी सातवी शिकलेली (सातवीही मास्तरांच्या मेहेरबानीनं), पण महिनाभरात फोटो उघडायला शिकले, मोठे करायला शिकले. एकदा तर ह्यांचं नाक एवढं मोठं केलं की ते परत लहान करण्यात दोन दिवस गेले.

पण फोटोंपेक्षा मोलाचा होता ह्यांचा आवाज. शेवटच्या वर्षी फोनवर बोलताना सतीशनं तो भरून ठेवला होता. मिनिटभराचाही नाही, आणि त्यातही निम्मा खोकला. पण रोज संध्याकाळी मी चहा करायची, कप घेऊन बसायची आणि आवाज लावायची. "सतीश, जेवलास का? आमचं झालं. तुझ्या आईनं आज बी भाजीत मीठ टाकलं न्हाय." इथपर्यंत ऐकलं की बंद. पुढं माझी चुगलीच असणार, आणि चुगल्या मी ते असतानाच पोटभर ऐकल्या होत्या. मिठाचं तेवढं खरं होतं, म्हणून ऐकून घ्यायची.

घट बसायच्या आधी आमच्याकडं दसरा काढतात. म्हणजे घरात धुतल्यावाचून काही शिल्लक ठेवायचं नाही. गोधड्या तेरणा नदीवर, डबे अंगणात, भांडी चिंच लावून उन्हात. ते गेले त्या वर्षी सण नव्हता, त्यामुळं दोन वर्षांचा मळ साठलेला. चार दिवस मी घासत होते. पाचव्या दिवशी घासायला काही उरलं नाही आणि नजर लॅपटॉपवर गेली. वरून तो ओल्या फडक्यानं पुसला. मग मनात आलं, हे झालं बाहेरून. आतून?

आत पसारा होता. पिवळ्या फोल्डरात पिवळं फोल्डर, त्यात आणखी एक, डब्यात डबा घालून ठेवल्यासारखं. एकच फोटो तीन-तीन ठिकाणी. काही नावं इंग्रजीत, काहींत नुसते आकडे. मी नियम केला, ज्याचं नाव वाचता येत नाही ते आपल्या घरचं नसणार. सगळं उचलून कचरापेटीत. शेवटी कम्प्युटरनं आपणहून विचारलं, कचरापेटी रिकामी करायची का? आता घरात कचरा ठेवून कुणी घट बसवतं का? मी 'हो' म्हटलं. त्या दिवशी मला फार शांत झोप लागली.

सतीश अष्टमीला आला. आला तसा लॅपटॉप उघडून बसला.

"आई, माझं हापिसचं फोल्डर कुठाय?"

"कसल्या रंगाचं व्हतं?"

"सगळी पिवळीच असत्यात."

"मग मला कसं कळावं?"

"आई, तू ह्याला काय केलंस?"

"दसरा काढला."

नशीब, त्याच्याजवळ एका डबीत सगळ्याची नक्कल होती. दिवसभर तो एकेक परत भरत होता. पुरणाच्या पोळीला शिवला नाही. संध्याकाळी मला समोर बसवून म्हणाला, "हे बघ. आता तू उघडलंस की एवढं एकच फोल्डर दिसंल. ह्याचं नाव 'आई'. तुझं सगळं ह्याच्यात हाय. ह्याच्या बाहेर जायचं न्हाय."

"आन् गेले तर?"

"जाताच येणार न्हाय. वर जायचं बटणच काढलंय."

"वर जायचं माणसाच्या हातात नसतंय म्हणत्यात, ते खरंच."

"आई, तुझ्याच भल्यासाठी करतोय."

हे वाक्य मी आधी कुठंतरी ऐकलं होतं. कुठं, ते तेव्हा आठवलं नाही.

तो गेला. दुसऱ्या दिवशी मी चहा केला, 'आई' उघडलं. फोटो होते, आरत्या होत्या, मी कधी न मागितलेलं योगासनांचं चित्र होतं. आवाज नव्हता. सतीशला फोन लावला.

"अरे, अण्णांचा आवाज?"

"अय्यो, त्यो टाकायचाच राहिला. पण हाय की, बाहेरच्या फोल्डरात हाय. दिवाळीला आलो की टाकतो."

दिवाळीला तीन आठवडे होते. तीन आठवडे मी त्या आवाजाच्या दारात बसायचं, आणि दाराला कडी आतल्या अंगाला नाही.

शेजारच्या रुक्साना भाभी चाळण परत द्यायला आल्या. बांगड्यांचं दुकान त्या एकटीनं चालवतात, हिशेबाला कम्प्युटर वापरतात, म्हणून मी त्यांना बसवून घेतलं. त्यांनी इथं दाबलं, तिथं दाबलं. दर वेळी एकच पाटी. परवानगी नाही.

"कुनाची परवानगी पायजे काकू?"

"सतीशची."

"त्याला पैदा तुमीच केला ना?"

"व्हय. पण कम्प्युटरला ते म्हाईत न्हाय."

शेवटी सतीशला पुन्हा फोन केला. तो मीटिंगमधून कुजबुजत पासवर्डचं एकेक अक्षर सांगू लागला. मी अक्षर दाबलं की पडद्यावर नुसतं टिंब यायचं. मला वाटलं, उमटेना. म्हणून तेच अक्षर जोर लावून पुन्हा दाबायची. आठ अक्षरांची सतरा टिंबं झाली. असं तीनदा झालं आणि कम्प्युटरनं मला कायमचं ओळखायचं सोडलं. आता 'आई'सुद्धा उघडेना. होती ती एक खोलीही गेली. वर ह्यांचा फोटो दिसायचा तोही गेला.

मी कपाळाला हात लावून म्हणाले, "बघा भाभी, म्हातारपणी माणसाला असं कोंडून घालत्यात."

भाभी चाळण हातात फिरवत होत्या. त्यांच्या मनात काही नव्हतं. सहज म्हणाल्या, "काकांना तुमी कोंडत व्हता, तसंच की."

चहा उतू गेला तरी मी उठले नाही.

ह्यांना शेवटी विसर पडायला लागला होता. उठायचे आणि स्टँडवर जाऊन मिळेल त्या एसटीत बसायचे. एकदा तुळजापुरात सापडले, एकदा थेट मुरूमला. खिशात तिकीट, आणि कुठं जायचंय ते ठाऊक नाही. मग मी पुढच्या दाराला बाहेरून कडी बसवून घेतली. ओसरी ते परसू, एवढ्यात हिंडायचं. ते दाराशी उभे राहून विचारायचे, "हे असं का?" आणि मी म्हणायची, "तुमच्याच भल्यासाठी." वाक्य तिथं ऐकलं होतं. माझ्याच तोंडून.

ती दिवाळी येईपर्यंतचे दिवस मी काही फार हसत काढले नाहीत. चहा मात्र करत होते. एक कप प्यायची आणि भाजीत मीठ आठवणीनं दोनदा टाकायची.

सतीश धनत्रयोदशीला आला. चपला काढायच्या आधी मी त्याला लॅपटॉपपुढं बसवलं. त्यानं कुलूप उघडलं, आवाज शोधून काढला.

"लाव," मी म्हणाले. "आज शेवटपर्यंत लाव."

"सतीश, जेवलास का? आमचं झालं. तुझ्या आईनं आज बी भाजीत मीठ टाकलं न्हाय." मग खोकला. लई वेळ खोकला. आणि मग, "ती बाहेरून कडी लावती रे. तिला सांग. मी कुठं जात न्हाय. नुसतं स्टँडवर जाऊन येतो."

संपलं.

सतीशनं चष्मा काढून पुसला. मग हळूच म्हणाला, "आई, उघडंच ठिवू का समदं? तुला पायजे तिथं फिर."

मलाही भरून आलं. एवढं पोरगं, पण कळलं त्याला.

"ठिव बाबा उघडं," मी डोळ्याला पदर लावून म्हणाले. "मी कुठं जाती? दिवाळी हाय, नुसता एक हात फिरवून येती."

सतीशनं माझ्याकडं बघितलं. ह्यांचा आवाज 'आई'मध्ये टाकला. आणि बाहेरून कडी लावली.

त्याच्या जागी मी असते, तर वर कुलूपही घातलं असतं.